वाव्हळे सरांचा डबा

फोन उचलला की वाव्हळे सर ‘हॅलो’ म्हणत नसत. “बंद तर न्हाई ना केलं?” हाच त्यांचा पहिला प्रश्न. पलीकडे कधी पोलीस ठाण्यातला जमादार असे, कधी एखाद्या शाळेचा मुख्याध्यापक, कधी त्यांची बायको, तर कधी मी. मी परीक्षेच्या ड्युटीचं विचारायला फोन केलेला असायचा. तरी प्रश्न तोच. “सर, पंखा चालू आहे, दिवे चालू आहेत, आता माझं ऐका,” असं मी म्हणायची. ते न हसता “बोला मॅडम” म्हणायचे.

परभणीच्या एका तंत्रनिकेतनात, संगणक विभागात, आम्ही बरीच वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो. मी विभागप्रमुख, म्हणजे वेळापत्रक, हजेरी, खरेदीचे कागद आणि सगळ्यांच्या तक्रारी माझ्याकडे. ते शिकवायचे. त्याखेरीज जिल्ह्यात कुठे संगणकावरून काही गैरप्रकार झाला की त्यांना बोलावणं यायचं, कारण ते काम करणारा दुसरा माणूस आसपास नव्हता.

ते काम काय, हे मला अनेकांना समजावून सांगावं लागलं आहे, तेव्हा इथेही सांगते. संगणकाला दोन तऱ्हेची आठवण असते. एक डिस्कवरची. ती मशीन बंद केलं तरी राहते. दुसरी फक्त चालू असतानाची: या घडीला आत कोणते प्रोग्रॅम चालले आहेत, बाहेर कुणाशी जोडणी आहे, नुकतीच कोणती होऊन तुटली. ही दुसरी आठवण वीज गेली की पुसली जाते. गैरप्रकार करणारा हुशार असेल तर डिस्कवर काही मागे ठेवत नाही. सापडला तर या दुसऱ्या आठवणीत सापडतो. सर चालू मशीनमधून तिची जशीच्या तशी नक्कल उतरवून घ्यायचे आणि मग लॅबमध्ये बसून त्या नकलेत शोध घ्यायचे.

अडचण अशी की आमच्याकडे संगणकाला काहीही झालं तरी इलाज एकच असतो. बटण बंद करा, जरा थांबा, पुन्हा चालू करा. साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांचा हात आधी बटणाकडे जातो. बटणातून वाचलं तर लोडशेडिंग आहेच. म्हणून तो प्रश्न.

एकदा गंगाखेड रस्त्यावरच्या एका कार्यालयातून बोलावणं आलं. तिथल्या संगणकावरच्या फायली कुणीतरी बाहेरून कुलूपबंद करून टाकल्या होत्या. विभागाचं सामान माझ्या सहीने बाहेर जात असे, म्हणून मीही बरोबर गेले. आम्ही दारात पाऊल ठेवतो तोच आतून साहेबांचा आवाज, “सगळं मेनमधून बंद करा!” शिपाई मेन स्विचपाशी पोहोचला होता. सर दारातूनच ओरडले, “हात काढ!” इतकी वर्षं शेजारी बसून मी त्यांचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. शिपाई दोन हात मागे सरला.

नक्कल उतरायला सुरुवात झाली आणि वीज गेली. यूपीएस केविलवाणा चिरकायला लागला. पडद्यावरची पट्टी अर्ध्यावरही आली नव्हती. सरांनी खिडकीतून बाहेर बघितलं. शेजारी मंगल कार्यालय, लग्न लागायचं होतं, जनरेटर धडधडत होता. ते उठून सरळ मंडपवाल्याकडे गेले.

“दादा, एक वायर द्या. नवरदेव पारावरून यायच्या आत परत करतो.”

“काय चालवायलाव सर, फ्रीज का?”

“एक पेशंट हाय. बंद पडला तर सगळं इसरंल.”

मंडपवाल्याला काय समजलं कोण जाणे, पण त्याने भिंतीवरून वायर टाकली. पुढचा सगळा वेळ बँड वाजत होता आणि सर एका कानात बोट घालून पट्टीकडे बघत बसले होते. नक्कल पुरी झाल्यावर ते आधी साहेबांकडे गेले नाहीत, शिपायाकडे गेले.

“मामा, ओरडलो तुमच्यावर. माफ करा.”

“त्याचं काही न्हाई सर,” मामा म्हणाले, “पर करंट बसल्यावानी झालं बघा.”

मंडपवाल्याने जेवायला खूप आग्रह केला. सर गेले नाहीत. कार्यालयाच्या ओसरीवर बसून त्यांनी आपला स्टीलचा डबा उघडला. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. वर्षानुवर्षं तेच. पेडगावहून रोज सकाळच्या गाडीने ते येत, तेव्हा एका हातात तो डबा आणि खांद्याला लॅपटॉपची झोळी असे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला एकच पेन. बूट त्यांनी कधी घातले नाहीत.

त्या डब्यावरूनच ते त्यांचं दुसरं काम शिकवायचे. नकलेत शोध घेणारी साधनं, म्हणजे प्रोग्रॅम, फार नाजूक असतात. त्यांना विशिष्ट आवृत्तीची प्रोग्रॅमिंग भाषा लागते, तिच्या जोडीला विशिष्ट लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, लागतात. आमच्या लॅबमधली मशीनं निरनिराळ्या वर्षांत घेतलेली. एकावर साधन चालायचं, शेजारच्यावर रुसायचं. यावर सरांनी तोडगा काढला तो कंटेनरचा. साधन आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधून, झाकण लावून ठेवायचं. मग तो कंटेनर कुठल्याही मशीनवर चालवा, आतलं सगळं तेच. वर्गात ते जेवणाचा डबा टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, “पेडगावात भरला, परभणीत उघडला. भाकरी बदलली का? न्हाई. का? कारण आमी इथल्या चुलीवर अवलंबून न्हाई.” पोरं हसायची. त्यानंतर विभागात कंटेनर हा शब्द कुणी वापरलाच नाही. सगळे डबाच म्हणायचे.

डब्याचे त्यांचे नियम कडक होते. नक्कल डब्याला फक्त वाचायला द्यायची, तिच्यात लिहायची परवानगी नाही, म्हणजे पुरावा बिघडत नाही. डबा चालू असताना इंटरनेट तोडायचं, म्हणजे कुणाची खासगी गोष्ट बाहेर जात नाही. आणि निकाल डब्याच्या बाहेरच्या फोल्डरमध्ये लिहायचा, कारण काम संपलं की डबा मोडून पुढच्या वेळी तसाच कोरा उभा करायचा असतो, आणि आत लिहिलेलं सगळं मोडताना जातं. आमच्याकडे नव्याने आलेल्या जाधव सरांनी एकदा दिवसभराचे निकाल आतच ठेवले आणि घरी जाताना शिस्तीत डबा मोडला. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून बसलेल्या जाधवांना वाव्हळे सर म्हणाले, “डबा घासायच्या आधी त्यातलं काढून घ्यायचं असतंय जाधव. आईनं शिकवलं न्हाई का?” एवढंच. वर तक्रार केली नाही. त्यांच्याबरोबर बसून ते सगळं पुन्हा केलं.

पण त्यांची खरी शिकवण वेगळी होती. ते पडद्यावर एखाद्या शोधाचा रिकामा निकाल दाखवायचे आणि अहवालात काय लिहाल, असं विचारायचे. सगळे लिहायचे, ‘काही नव्हतं.’ सर प्रत्येकाच्या वहीत ते खोडायचे. “दिसलं न्हाई आन् नव्हतं, ह्यात लय फरक हाय. तुमी इतकंच लिहा: ह्या साधनाला दिसलं न्हाई.” हे वाक्य त्यांनी जिल्ह्यातल्या कितीतरी लोकांकडून लिहवून घेतलं. पुढे जे झालं ते या वाक्यामुळेच मला इतकं लक्षात आहे.

सोनपेठकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात सुनंदा होगे नावाच्या बाई लिपिक होत्या. त्यांच्या संगणकावरून, त्यांच्या नावाने उघडलेल्या पोर्टलमध्ये, काही मुलांचे प्रात्यक्षिकाचे गुण वाढवले गेले. सुनंदाबाई सांगत होत्या की त्या शेजारच्या खोलीतून उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणून दारात पोहोचल्या, तर खुर्ची रिकामी आणि पडद्यावर माऊस आपोआप फिरत होता. यावर कोण विश्वास ठेवणार? शिक्षकांच्या खोलीत हसू झालं. “बाईच्या कॉम्प्युटरला भूत लागलं,” असं एकजण म्हणाल्याचं पुढे माझ्या कानावर आलं.

सुनंदाबाई सरांच्या एका प्रशिक्षणाला येऊन गेल्या होत्या. मागच्या बाकावर बसलेल्या, एकही प्रश्न न विचारलेल्या. पण ऐकलेलं त्यांनी पक्कं धरलं. प्राचार्यांनी मशीन बंद करायला सांगितलं तेव्हा त्या बटणाच्या पुढे खुर्ची टाकून बसल्या. “वाव्हळे सर येईपर्यंत कुणी हात लावायचा न्हाई,” म्हणाल्या. सर पोहोचले तेव्हा त्या तशाच बसलेल्या होत्या. मशीन चालू होतं.

सरांनी नक्कल उतरवली. लॅबमध्ये आणून डब्यात घातली. डब्यात त्यांनी एक क्रम बसवून ठेवला होता: आधी बाहेरच्या जोडण्यांची यादी निघायची, मग लांबून दुसऱ्याचं मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमची खूण त्या यादीत शोधली जायची, आणि शेवटचा निकाल तेवढा बाहेर लिहिला जायचा. निकाल आला: खूण आढळली नाही. सरांना चैन पडेना. त्यांनी नक्कल आणि डबा दोन्ही नांदेडला त्यांच्या ओळखीच्या एका प्राध्यापकांकडे पाठवले. तिथेही तेच निघालं.

अहवालात सरांनी आपलं नेहमीचं वाक्य लिहिलं, ‘या साधनाला दिसलं नाही.’ पण चौकशी समितीच्या अध्यक्षांना वाक्य नको होतं, उत्तर हवं होतं. “म्हणजे बाहेरून कुणी आलेलं नव्हतंच ना?” त्यांनी विचारलं. सर म्हणाले, “दोन ठिकाणी चालवून बघितलंय साहेब.” अध्यक्षांनी मान हलवली. सुनंदाबाई निलंबित झाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात सर नवा डबा बांधत होते. साधनांची आवृत्ती जुनी झाली होती. नवा डबा नीट चालतो का, हे बघायला हाताशी असलेल्या जुन्या नकला त्यात घालून बघायच्या, ही त्यांची पद्धत. दुपारची वेळ होती. मी पुढच्या सत्राचं वेळापत्रक लावत होते. सर उठले, माठातलं पाणी प्यायले, परत येऊन बसले. पुन्हा उठले, पुन्हा पाणी प्यायले. मग म्हणाले, “मॅडम, जरासं इकडं या.”

पडद्यावर दोन खिडक्या होत्या. एकीत जोडण्यांची लांबलचक यादी, दुसरी रिकामी.

“ही सोनपेठची नक्कल. ही नव्या डब्यात, ही जुन्या.”

यादीत एका ओळीवर त्यांचं बोट होतं. बाहेरून कुणीतरी येऊन ते मशीन चालवल्याची ती खूण होती. वेळ सुनंदाबाईंनी सांगितली तीच.

झालं ते असं. त्या महाविद्यालयाच्या संगणकाने नुकताच नवा अपडेट घेतला होता. त्याने आठवणीतल्या गोष्टींच्या जागा बदलल्या होत्या. डब्यातलं साधन मात्र बांधलं त्या दिवसाचं. ते जुन्या जागी बघत होतं आणि तिथे काही नव्हतं. यादीच रिकामी निघाली, आणि रिकाम्या यादीत शोधल्यावर खूण सापडणार कुठून?

“चालू मशीन,” सर म्हणाले, “पोर्टल उघडं, आन् बाहेर जोडणी एकबी न्हाई? पोर्टलची तरी दिसायला पायजे व्हती. मी यादी बघितलीच न्हाई मॅडम. निकाल बघितला.”

“पण नांदेडलाही तेच आलं होतं.”

“नांदेडला डबा माझाच गेला व्हता. एकच डोळा दोनदा उघडला, झालं.”

ज्या गुणासाठी त्यांनी डबा बांधला, की तो कुठेही नेला तरी बदलत नाही, त्याच गुणाने चूकही न बदलता नांदेडपर्यंत पोहोचवली होती. मी वेळापत्रकाकडे परत गेले. त्या दिवशी त्यांचा डबा तसाच घरी गेला.

आमचे प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लावून आम्हा दोघांना समजावलं. “वाव्हळे, बाईला न्याय मिळायलाच पाहिजे. नवीन तंत्रज्ञान आलं, त्यात नवीन पुरावा मिळाला, असं लिहा. खोटं आहे का? नाही. ‘मी चुकलो’ कशाला? उद्या तुमच्या प्रत्येक जुन्या अहवालावर लोक बोट ठेवतील. संस्थेच्या नावाचाही विचार करा.”

“साहेब, तिनं मशीन बंद केलं न्हाई,” सर म्हणाले.

“मग?”

“माझ्या भरवशावर चालू ठेवलं. सगळे बंद कर म्हणत असताना. आन् मी यादी उघडून बघितली न्हाई.”

प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले की सोनपेठला जायचं तर विभागाचा लॅपटॉप लागेल आणि त्यावर माझी सही लागेल, तेव्हा मी जाते बरोबर. एवढंच माझ्या हातात होतं.

आम्ही एसटीने सोनपेठला गेलो. सुनंदाबाईंचं घर गावाच्या कडेला होतं. अंगणात त्या आणि त्यांच्या सासूबाई सुपाने तूर पाखडत बसल्या होत्या. आम्हाला बघून सुनंदाबाईंनी पदर सारखा केला, पण उठल्या नाहीत. सासूबाईंनी विचारलं, “कोण गं?”

“परभणीचे सर,” त्या म्हणाल्या. “तेच ते.”

सर पायरीवर बसले. झोळी मांडीवर. पुढचं बोलणं मला शब्दाशब्दाने आठवतं.

“ताई, तुमी म्हणला ते खरं व्हतं. माऊस बाहेरून कुणीतरी फिरवत व्हतं. आता दिसलं मला.”

सुनंदाबाईंचा हात थांबला. सूप तसंच धरलेलं.

“आता दिसलं?”

“हो.”

“मी तिथं बसले व्हते सर. सायब म्हणायले बंद कर, मास्तर लोक म्हणायले बंद कर. मी म्हणलं न्हाई, वाव्हळे सर म्हणलेत मशीन चालू ठेवा, मशीन सगळं सांगतंय. मग मशीननं तवा सांगितलं न्हाई का?”

“सांगितलं व्हतं,” सर म्हणाले. “मला ऐकू आलं न्हाई.”

सासूबाई मध्येच म्हणाल्या, “आता येऊन काय उपेग? पोरीची शाळा बदलाय लागली. बाजारात गेलं तर लोक बोटं दाखवायले.” सुनंदाबाईंनी त्यांना हाताने थांबवलं. मग म्हणाल्या, “हे मला सांगून काय करता? मला तर ठाऊकच व्हतं. जे हसले त्यांच्यासमोर सांगता का?”

“सांगतो.”

“माझ्यासमोर?”

“तुमी बी या.”

मग त्या उठल्या आणि आत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आल्या. चहाचं कुणी विचारलं नाही. ते बरोबरच होतं.

चौकशी पुन्हा उघडली. महाविद्यालयाच्या सभागृहात समिती, प्राचार्य आणि सगळे शिक्षक बसले. सुनंदाबाई दाराजवळच्या खुर्चीत. सरांनी लॅपटॉप लावला, यादी दाखवली, ती ओळ दाखवली. मग पडदा बंद करून म्हणाले, “माझं साधन जुनं व्हतं. त्याची यादी रिकामी आली, ती मी उघडून बघितली न्हाई. समितीनं विचारलं तवा मी नीट उत्तर दिलं न्हाई. होगे ताईंचं निलंबन माझ्या चुकीमुळं झालं.”

मग मागून एकजण म्हणाला, “म्हणजे सर, तुमचे आधीचे रिपोर्टबी असेच का?” दोघंतिघं हसले.

इथे सर ‘नाही’ म्हणू शकले असते. कुणीही म्हटलं असतं. ते विचार करून म्हणाले, “माहीत न्हाई. तपासावे लागतील.”

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. माझ्या शेजारी बसलेल्या एका शिक्षिका हळूच म्हणाल्या, “संपलं यांचं.” त्यांचं चुकलं नव्हतं.

सुनंदाबाई कामावर रुजू झाल्या. जोडणीच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं, ते पोलिसांनी यथावकाश शोधलं. त्याच्याशी इथे मला कर्तव्य नाही. सरांना मात्र नंतर कुणी बोलावलं नाही. ठाण्यातून फोन येईनासे झाले. एका वकिलाने भर न्यायालयात त्यांचंच वाक्य वाचून दाखवलं, ‘माहीत नाही, तपासावे लागतील’, आणि त्यांची साक्ष बाजूला पडली. त्याच वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणांत सगळ्यांनी त्यांच्या साधेपणाबद्दल सांगितलं. कामाबद्दल कुणी बोललं नाही.

पण दर गुरुवारी ते लॅबमध्ये यायचे. तोच पांढरा शर्ट, तोच डबा. कोपऱ्यातलं एक जुनं मशीन मी त्यांच्यासाठी ठेवलं होतं. त्यावर ते आपल्या एकेका जुन्या प्रकरणाची नक्कल पुन्हा तपासत बसत. आता प्रत्येक नकलेसाठी एकमेकांशी संबंध नसलेली दोन साधनं, दोन वेगळ्या डब्यांत. निकालाकडे शेवटी बघायचं. आधी यादी पूर्ण उघडायची आणि ओळ न् ओळ वाचायची. मोठ्या नकलांना फार वेळ लागे, मशीन आठवडाभर चालू असे. आमचे शिपाई शेखमामा त्या कोपऱ्यात झाडू मारतानासुद्धा वायरला धक्का लागू देत नसत. “वाव्हळे सरांचं दुकान चालू आहे,” असं म्हणत त्यांनी बटणावर चिकटपट्टी लावून टाकली होती.

मी एकदा विचारलं, “सर, हे कुणी मागितलंय का तुम्हाला?”

“सभागृहात विचारलं की त्या माणसानं.”

“तो टोमणा होता.”

“असू द्या. प्रश्न बराबर व्हता.”

एका गुरुवारी त्यांना दुसरी चूक सापडली. जिंतूरच्या एका कार्यालयातला संगणकचालक. त्याने स्वतः आणलेल्या पेनड्राइव्हमधून व्हायरसची घाण आत आली, असा ठपका त्याच्यावर होता. सरांच्या डब्याला बाहेरची जोडणी दिसली नव्हती, आणि बाहेरून काही आलं नाही तर आतूनच आलं असणार, असं धरलं गेलं. नव्या यादीत बाहेरची जोडणी होती. त्या माणसाने नोकरी कधीच सोडली होती. जिंतुरात झेरॉक्सचं दुकान चालवत होता, एवढं सरांनी शोधून काढलं. कार्यालयाला त्यांनी रीतसर कळवलं. त्याचं उत्तर आलं नाही. मग म्हणाले, “मी जाऊन येतो.”

“फोन करा ना.”

“फोनवर काय सांगायचं मॅडम? त्याला माझं तोंड तर बघू द्या.”

गेले. संध्याकाळी फोन आला. मी उचलला आणि तेच पहिल्यांदा बोलले, “बंद तर न्हाई ना केलं?”

“नाही सर. चालू आहे. तुमचं काय झालं?”

“भेटला.”

“काय म्हणाला?”

“गिऱ्हाईक व्हतं दुकानात. म्हणला थांबा. थांबलो. मग ऐकून घेतलं सगळं.”

“आणि?”

“शटर अर्धं ओढलं आन् आत बसून ऱ्हायला. मी निघालो.” मग ते म्हणाले, “राहिलेल्या नकला चालू ठेवा. गुरुवारी येतो.”

गुरुवारच्या आधीच ते पेडगावला हृदयविकाराने गेले. मी मातीला गेले तेव्हा बायकांच्या घोळक्यात सुनंदाबाई दिसल्या. सोनपेठहून गाड्या बदलत आल्या होत्या. परत निघताना त्यांनी मला गाठलं आणि हळू आवाजात विचारलं, “मॅडम, सरांचं मशीन चालूच हाय का?”

“चालू आहे,” मी म्हणाले.

“बंद करू नका मग. सगळं होऊ द्या.”

सगळं होऊ दिलं. मी आणि जाधव सरांनी मिळून राहिलेल्या याद्या उघडल्या, त्यांच्या पद्धतीने, ओळ न् ओळ. त्या बरोबर होत्या. जिंतूरनंतर एकाही नकलेत वाव्हळे सर चुकलेले नव्हते. ते आम्ही लिहून, सह्या करून, विभागाच्या कपाटात ठेवलं आहे. अजून कुणी मागितलेलं नाही. मग शेखमामांनी बटणावरची चिकटपट्टी काढली आणि मी मशीन रीतसर बंद केलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते जिंतूरला निघालेले असताना. बाजाराला जायचं होतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत गेले. गाडी लागलेली होती. उन्हाच्या बाजूची खिडकी मिळाली त्यांना. डबा पायाशी, झोळी मांडीवर उभी धरलेली. “मॅडम, ते मशीन…” त्यांनी सुरुवात केली. “करत नाही बंद. जा तुम्ही,” मी म्हणाले. कंडक्टरने दोरी ओढली. गाडी मागे येऊन वळली तेव्हा खिडकी पुन्हा माझ्यासमोर आली, पण सर माझ्याकडे बघत नव्हते. समोर बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. त्या माणसाला जाऊन काय म्हणायचं, ते पाठ करत होते.